गुरुजींनी दिलेला वाढदिवस

जगात जन्माला येऊन ज्यांनी ज्यांनी थोडंफार नाव कमावलं, त्या एकूण एक माणसांचे वाढदिवस आमच्या दाजींना पाठ होते. ठाऊक नव्हता तो फक्त त्यांचा स्वतःचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राजारामपुरीत त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान आणि त्याच इमारतीत वर माझा गणिताचा क्लास, त्यामुळे वीसेक वर्षं मी त्यांना रोज सकाळी पाहत आलो. दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं असायचं, देवाची उदबत्ती अजून लागायची असायची, आणि दाजी मात्र बाहेर भिंतीवरच्या फळ्यापुढे खडू घेऊन उभे. वर कमानीसारखं 'आजचा दिनविशेष' आणि खाली कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कुणाचा वाढदिवस, कुठल्या दूरच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. ज्या दिवशी जगात काहीच घडलेलं नसे, त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरायचा. पण फळा रिकामा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अशा एका रिकाम्या दिवशी त्यांनी समोरच्या चहावाल्याच्या स्टोव्हला दहा वर्षं पूर्ण झाल्याचं लिहिलं, आणि चहावाल्याने खूश होऊन दुपारपर्यंत कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

हा नाद त्यांना लागला तो धंद्यामुळेच. गेलेल्या माणसाचा फोटो फ्रेम करायला येतो, तेव्हा खाली जन्म आणि मृत्यू अशा दोन तारखा घालाव्या लागतात. आपण असतो तर काम झालं की विसरलो असतो. दाजींच्या डोक्यात त्या जाऊन बसायच्या आणि वर्षाने बरोबर वर यायच्या. रस्त्याने चाललेल्या गिऱ्हाइकाला हाक मारून ते उद्या तुमच्या वडिलांची तारीख हाय बरं का, असं सांगत, आणि तो बिचारा भाजीची पिशवी सावरत मान डोलवी. एकदा एकाच्या वास्तुशांतीत भर पंगतीत त्यांनी यजमानाला आठवण करून दिली की आज तुमच्या सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली. यजमान विसरला होता, हे त्याच्या बायकोला त्या क्षणी कळलं. पुढची जिलेबी आमच्या पानापर्यंत आलीच नाही. आक्काने घरी येईपर्यंत अबोला धरला. दाजींना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण चांगलंच काम केलं.

उन्हाळा हा त्यांचा हंगाम. मे महिन्यात माझ्या क्लासला सुट्टी असायची आणि मी खाली दुकानात खुर्ची टाकून बसायचो. हास्यदिन आला की दाजी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'आज जागतिक हास्य दिन. हसा.' असं लिहीत. एका वर्षी नेमकं त्याच सकाळी एक कुटुंब गेलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आलं. फळा वाचून मुलगा तिथेच थबकला. दाजींनी घाईघाईने शर्टाच्या बाहीने फळा पुसायला घेतला, तर मागून म्हातारी म्हणाली, "राहू दे वो. ह्यास्नी हसायचं लई याड हुतं." त्या फ्रेमचे पैसे दाजींनी घेतले नाहीत, आणि आक्काला सांगितलं की काच जुनीच होती. मेच्या शेवटी तंबाखूविरोधी दिन यायचा. तोही ते निष्ठेने पाळत. म्हणजे आदल्या रात्री डबी आक्काकडे सोपवायची आणि सकाळपासून जगावर चिडायचं. त्या दिवशी कापलेली प्रत्येक काच वाकडी जायची. दुपारी ते दुकान बंद करून झोपायला जात आणि फळ्यावरचा मजकूर एकटाच चौकाचं प्रबोधन करत राही.

सिनेमातल्या एका नटीवर त्यांचा विशेष जीव. तिच्या वाढदिवसाला दुकानात पेढे असत. आक्का म्हणायची, त्या बयेला तुम्ही या जगात आहात हे तरी माहीत आहे का? त्यावर दाजी शांतपणे सांगत की तिला न्हाई कळायचं, पण मला कळतंय की. त्यांचं भांडण होतं ते तिचं वय छापणाऱ्या वर्तमानपत्राशी. गेल्या सहा वर्षांत ही बाई दोनच वर्षांनी मोठी झाली, असं हिशेबासकट त्यांनी संपादकांना कळवलं होतं. वाढदिवस लपवणारी माणसं त्यांना समजतच नसत. असलेला दिवस माणूस चोरतो कशाला, असं ते मला विचारायचे, आणि त्यात नुसती थट्टा नसायची.

कारण खरी गोम पुढे होती. चौकातल्या माणसांचेही वाढदिवस फळ्यावर घालायचे, असं त्यांनी एकदा ठरवलं आणि दारोदार तारखा विचारत फिरले. पन्नाशीच्या पुढचा जो भेटेल तो एक जून सांगू लागला. इस्त्रीवाला एक जून, डॉक्टरांचा कंपाउंडर एक जून, पिठाच्या गिरणीचा मालक आणि त्याचा सख्खा भाऊ, दोघेही एक जून. शेवटी वरच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेले, तर तेही एक जूनचेच. पोरगं शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख विचारली की तो म्हणायचा, लिवा की तुम्हीच कायतरी. मग शाळेला सोयीची म्हणून गुरुजी एक जून लिहीत. मुख्याध्यापकांनी स्वतः अशा शेकडो पोरांना जन्म दिल्याचं हसत हसत कबूल केलं. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांच्या दाखल्यावरही एक जूनच होती. दर एक जूनला ते फळ्यावर फक्त 'जागतिक दूध दिन' लिहीत आणि कुणी शुभेच्छा द्यायला आलाच, तर ते हातात काच घेऊन आत जायचे.

साठी जवळ आली तेव्हा हे सगळं टोकाला गेलं. आक्काच्या मनात साठीची शांत करायची होती, चार माणसं जेवायला घालायची होती. दाजी ऐकेनात. "खोट्या दिवसाला खऱ्या ओवाळण्या घिऊ व्हय मी?" असं त्यांनी विचारलं आणि विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता सुरू झाला. त्यांची आई गडमुडशिंगीला धाकट्या मुलाकडे, म्हणजे आक्काच्या दिराकडे असायची. नव्वदीच्या आसपासची, हाडं चिवट, पण आठवणीचे धागे सुटायला लागलेले. ती आहे तोवर दिवस शोधला पाहिजे, नाहीतर तो तिच्याबरोबर जाणार, या एका भीतीने दाजींना घेरलं. दर रविवारी स्कूटरवर मागे मला बसवायचं, उचगावातून पुढे जायचं आणि म्हातारीसमोर उकिडवं बसून उलटतपासणी घ्यायची.

एका रविवारी ती सांगे की वळीव पडून गेला होता. दुसऱ्या रविवारी आंबे पिकायला आडी घातल्याचं आठवे. तिसऱ्या रविवारी तिने ठामपणे सांगितलं की थोरल्या जावेची म्हैस व्याली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू झालास. दाजींना कोण आनंद. आता म्हशीची तारीख सापडली की आपली सापडलीच. मग आम्ही दोघे, एक फ्रेमवाला आणि एक गणिताचा मास्तर, भर उन्हात गावभर म्हाताऱ्या माणसांना साठ वर्षांपूर्वी व्यालेल्या म्हशीबद्दल विचारत हिंडलो. पारावरच्या एका आजोबांनी बराच वेळ डोळे मिटून आठवलं आणि विचारलं, "कुठली म्हस? ती काळी?" मी हसू दाबायला दुसरीकडे बघितलं. दाजींनी मात्र, व्हय, तीच, असं अगदी आशेनं म्हटलं. तेव्हा माझं हसू आपोआप गेलं.

शेवटचं विचारणं मे महिन्यातलंच. म्हातारी सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. दाजींनी पुन्हा सुरुवात केली तशी ती वैतागली. एकदम म्हणाली, "रानात धसकटं येचत हुते, थितंच कळा आल्या. झालास तवा रडंना झालास. काळानिळा पडलेलास. सुईण म्हनली, गेलं प्वार. मग लई येळानं रडलास बग. दिस कोन बघतंय त्यात? मी तुला बघत हुते."

 दाजी तिच्या पायांकडे बघत राहिले. मग काहीतरी बोलायचं म्हणून असेल किंवा सवयीने असेल, त्यांनी विचारलं, "आन तुजा कवा गं?" तिला कळेना. वाढदिवस, म्हणून त्यांनी फोड केली, तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आमास्नी कुठली साळा आन कुठलं गुरुजी, एवढंच ती म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

परत येताना उचगावाशी दाजींनी स्कूटर बाजूला घेतली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. ते हँडलवर हात ठेवून तसेच बसून राहिले. "पावणं," ते म्हणाले, "मला निदान खोटा तरी मिळाला. तिला खोटाबी न्हाई मिळाला." साऱ्या जगाच्या तारखा पाठ असलेल्या माणसाला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, याचा चटका त्यांच्या आवाजात होता. 

त्या वर्षी एक जूनला फळ्यावर दूध दिन नव्हता. कुठला देश नव्हता, कुठली नटी नव्हती. रंगीत खडूंनी वेलबुट्टी काढून मधोमध लिहिलं होतं, 'आज आमच्या आईचा वाढदिवस.' रिक्षा करून म्हातारीला आणलं, फळ्याखाली खुर्ची मांडली. आक्काने ओवाळलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे काय लिवलंय म्हणून तिने विचारलं. दाजींनी अक्षरांवर बोट फिरवत वाचून दाखवलं. ती फळ्याकडे वळून म्हणाली, "परत वाच की." त्यांनी परत वाचलं. दिवसभरात त्यांना ते किती वेळा वाचावं लागलं कुणास ठाऊक. इस्त्रीवाला आला, कंपाउंडर आला, गिरणीवाले दोघे भाऊ आले; एक जूनची सगळी भावंडं तिच्या पाया पडून गेली. संध्याकाळी दाजी तिला गंगावेशीत, जिथं समोर म्हैस पिळून देतात तिथं, धारोष्ण दूध प्यायला घेऊन गेले. तिने पेला हातात घ्यायच्या आधी म्हशीची कास निरखली आणि धार काढणाऱ्याला त्याच्या चुका सांगितल्या. मग दूध प्याली. दाजींच्या साठीचं नाव त्यानंतर घरात कुणी काढलं नाही, आणि त्यांनाही ते आठवत नसावं.

असा एक जून तिला आणखी दोनदा मिळाला. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर ती झोपेतच गेली. मृत्यूची नोंद करायला दाजींबरोबर मीच गेलो होतो. कारकून तरुण होता, वागायला चांगला. त्याने नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि जन्मतारीख विचारली. दाजींनी क्षणाचाही विचार न करता सांगितली. कारकून लिहिता लिहिता सहज म्हणाला, "ह्या आज्जींचीबी एक जूनच? समद्यांस्नी गुरुजींनी एकच वाटलीया."

"समद्यांस्नी गुरुजींनी दिलीया," दाजी म्हणाले. "हिला हिच्या पोरानं दिलीया."

कारकुनाने एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग सावकाश, नीट अक्षरात तारीख लिहिली. बाहेर ऊन रणरणत होतं. दाजी पायरीवर उभे राहून चपलांकडे बघत होते, पण पाय घालत नव्हते. साठी उलटलेला माणूसही पोरका दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघे हळूहळू स्कूटरकडे गेलो.