पोहत माहेरी

भाटघर धरणाची नवी भिंत झाली आणि पाणी फुगून माझ्या सासर-माहेराच्या मधोमध येऊन बसलं. हाक मारली तर ऐकू जावी एवढंच अंतर, पण वळसा घालून चालत जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. नव्या सुनेला कोण सोडतंय! त्यात दिवाळीला निरोप आला, आईनं अंथरूण धरलंय. मामंजी म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी आटलं की चालतच जा." उन्हाळा! तोवर आई राहील का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. चुलीपुढं बसून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत सासूबाईंनी हलवून उठवलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

"ऊठ. काष्टा घट्ट मार. पवायला शिकायचंय."

पाण्यावर वाफ तरंगत होती. म्हटलं, कोमट असेल. कसलं मेलं कोमट! पाय घातला आणि अशी किंचाळले की पलीकडची कुत्री भुंकायला लागली. आत्याबाईंची हसून हसून मुरकुंडी वळली. मग पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी या रडतराऊताला पाण्यात लोटलं.

"आदी मानंवर पानी मार, मग छातीवर. दम कोंडू नगं, हळू सोड. आन् येक दीस बी खाडा करायचा न्हाई. खाडा केलास की पानी परकं हुतं."

खरंच होतं ते. थंडी रोज थोडी वाढायची, अंगही तेवढंच निबर व्हायचं. मार्गशीर्षात भोपळा सुटला. मधल्या पाण्यापर्यंत जायचं, माघारी यायचं, शेकोटीपाशी दात वाजवत बसायचं. आत्याबाई माझे केस पुसायच्या. एवढ्या मायेनं आईनंही कधी पुसले नव्हते. मधल्या पाण्यात पोचलं की त्या मात्र जरा वेळ तिथंच तरंगत राहायच्या.

"दमलासा व्हय, आत्याबाई?" मी चिडवायची.

"तू म्होरं बघ," एवढंच बोलायच्या.

संक्रांतीला त्यांनी तिळगुळाचे लाडू फडक्यात बांधून माझ्या डोक्यावर गाठ मारली. स्वतःच्या डोक्यालाही एक लहानशी पुरचुंडी बांधली. मधल्या पाण्यात त्या थांबल्या, पुरचुंडी सोडली आणि त्यातला लाडू अलगद पाण्यात सोडला.

"आत्याबाई, ह्ये काय?"

"हितं खाली आमचं घर. तुळशीपाशी आई बसायची माजी."

त्यांचं माहेर धरणात गेलं हे मला ठाऊक होतं. कुठं, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मला हुंदका आला.

"रडू नगं, नाकात पानी जाईल. जा, वाट बघत आसंल ती."

मी हात मारत सुटले. आई दारात गोधडी पांघरून उन्हाला बसली होती, हाडांचा सापळा नुसता, पण होती. ओल्या हातानं मी तिच्या तोंडात तिळगूळ घातला. माझं गार अंग चाचपत ती म्हणाली, "येवड्या थंडीत येकलीच आलीस गं?"

मी मागं वळून बघितलं. आत्याबाई अजून तिथंच होत्या.

"न्हाई गं," मी म्हटलं, "आत्याबाई बी म्हायेरी आल्यात."