कोरडी थू

आमच्या सरांना सगळं कॉलेज पाठीमागे 'थू सर' म्हणायचं, आणि सरांना ते चांगलं ठाऊक होतं. एखादी गोष्ट पटली नाही की ते मान डावीकडे वळवून 'थूः' करत. नुसता आवाज. थुंकी कधी उडाली नाही, कारण थुंकणाऱ्यांची तर त्यांना सगळ्यात जास्त किळस यायची. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन थुंकणाऱ्या एका माणसाला त्यांनी स्वतःचा इस्त्रीचा रुमाल काढून दिला होता, 'पुसा' म्हणून. त्याने तो खिशात घातला आणि बसमध्ये चढला. सर पुढे आठवडाभर त्या रुमालाबद्दल हळहळत होते.

किळस येण्याची त्यांची यादी लांबलचक होती. चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावून वाढदिवस करणारे भाऊ, चहात बुडवून विसरलेलं बिस्किट, 'आदरणीय' शब्दाने सुरू होणारं कुठलंही भाषण. त्यांच्या कपाटात त्यांचा स्वतःचा स्टीलचा गिलास असायचा आणि त्याला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपायचा नाही. स्टाफरूममध्ये त्यावर हसत, "लय सोवळं आहे बाप्पा सरांचं!" असं म्हणत. सर गावातल्या कुठल्या वस्तीतून आले होते हे माहीत असूनच ते असं म्हणत. मला आता त्या हसण्याची किळस येते.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सर आम्हाला अमेरिकेचा इतिहास शिकवत. आम्ही धानाच्या पट्ट्यातली पोरं, आम्हाला अमेरिका आधी नकाशात शोधावी लागायची. त्यात एका मोहिमेची हकिगत होती. दोन कॅप्टन तीसेक माणसं घेऊन नद्या-डोंगर ओलांडत पार पश्चिमेच्या समुद्रापर्यंत जातात आणि परत येतात. पुस्तकात ती अर्ध्या पानात आटोपलेली, पण सर तीच महिनाभर शिकवत. दोघा कॅप्टनांना ते पाच मिनिटांत वाटेला लावत. दुभाष्याच्या कामाचा पगार नवऱ्याला मिळाला आणि पाठीला तान्हं बाळ बांधून चाललेल्या त्याच्या बायकोला काहीच मिळालं नाही, यासाठी एक वेगळी थू राखून ठेवलेली होती. पण सरांचा खरा माणूस म्हणजे त्या तुकडीतला एकुलता एक काळा, एका कॅप्टनचा गुलाम. तो बंदूक चालवायचा, शिकार आणायचा, आजाऱ्यांची उस्तवार करायचा. परत आल्यावर बाकीच्यांना जमिनी मिळाल्या. त्याने फक्त आपली सुटका मागितली. कॅप्टनने ती दिली नाही, वर मारलं.

"रानात अस्वल समोर आलं तवा बरोबरीचा," सर म्हणत, "अन् घरी आल्यावर गुलाम! थूः."

वाटेतल्या मुलखात कोणी काळा माणूस पाहिलेलाच नव्हता. एका सरदाराने बोट ओलं करून त्याचं अंग घासून पाहिलं, रंग निघतो का म्हणून. हे ऐकून आमचा वर्ग खदखदून हसला. सर हसू संपेपर्यंत थांबले. पुस्तकी मराठी सोडून ते घरच्या बोलीत आले की समजायचं, आता खरं बोलणार.

"हासा," ते म्हणाले. "पन त्याले कोनी हात तरी लावून पाह्यला. माह्या बापाले गावात वरतून पानी वाढत होते, ओंजळीत. हात लागन म्हनून. गावानं माह्या बापाची किळस केली. आता किळस कराची पाळी माही हाये."

मग त्यांनी गिलासभर पाणी पिऊन पुढचा धडा काढला.

"सर, त्या माणसाचं पुढे काय झालं?" मी एकदा विचारलं. सरांचा चेहरा आंबट झाला. फार वर्षांनी कॅप्टनने एका पाहुण्याला सांगितलं म्हणे, की मी त्याला सोडला, घोडागाडी दिली, पण त्याला धंदा जमला नाही. स्वातंत्र्याला कंटाळून तो माझ्याकडे परत यायला निघाला आणि वाटेत पटकीने मेला.

"परत येऊन राह्यला होता म्हन्ते!" सर म्हणाले. "मेलेल्या मानसाले कोन इचाराले जाते? थूः!"

मी शिकून बाहेर पडले, त्याच्या पुढच्याच वर्षी संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाचं लग्न निघालं. आमच्याकडे अशा लग्नात प्राध्यापकांनी घरच्यासारखं राबायचं असतं. सगळ्यांना पंगतीत वाढायचं काम मिळालं. सरांना मैदानाच्या पार टोकाला गाड्या लावून घ्यायचं काम दिलं.

"पंगतीत मी काऊन नाई?" सरांनी अध्यक्षांना मांडवातच विचारलं.

"तसं काई नाई हो सर," अध्यक्ष हसले. "पाहुणे जरा जुन्या वळनाचे आहेत."

सरांनी मान डावीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि कपाटातून तेवढा गिलास घेऊन ते चामोर्शीला बहिणीकडे गेले. तिथे ओसरीवर पोरांना इंग्रजी शिकवू लागले. अध्यक्षांचे निरोपावर निरोप आले, कारण लग्नातल्या त्या प्रश्नाची चर्चा तालुकाभर झाली होती आणि सर परतल्याशिवाय ती मिटणार नव्हती. सर गेले नाहीत.

मी शेवटचं भेटले तेव्हा ते आजारी, खाटेवर होते, पण चादर कडक धुतलेली होती. उन्हातून आले म्हणून त्यांनी उशाशी ठेवलेल्या त्यांच्याच गिलासात पाणी ओतून माझ्यापुढे धरलं. मी वरून प्यायला गेले, तर डाफरले.

"तोंड लावून पे वो पोरी!"

मी तोंड लावून प्यायले. मग त्यांनी त्याच गिलासात उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.

"तिकडचं कोनी भेटलं तं सांगजो," ते म्हणाले, "मी परत नाई येत."

पंधरवड्यात ते गेले. कॉलेजने शोकसभा ठेवली, फोटोला झेंडूचा हार घातला. अध्यक्षांनी 'आदरणीय' म्हणूनच सुरुवात केली. "सर आमच्या घरातलेच," ते म्हणाले. "गेल्याच महिन्यात आमचं बोलणं झालं. झालं गेलं विसरून सर परत येणार होते. पण नियतीच्या मनात..." आणि त्यांनी डोळ्याला रुमाल लावला.

मी पहिल्या रांगेत होते. उठून उभी राहिले.

"खोटं बोलून राह्यले तुमी," मी म्हटलं. "ते परत येत नव्हते. मला सांगून गेलेत."

अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "बाई, भावनेच्या भरात..."

मी मान डावीकडे वळवली. सरांची थू कोरडी असायची. माझी नव्हती.