मापाचा खुबा

माझ्या पोरीच्या मांडीचं हाड मी हातात घेतलं ते साताऱ्यात, एमआयडीसीतल्या एका गारेगार खोलीत. पोरगी शेजारी खुर्चीत बसलेली आणि तिचं हाड माझ्या हातात. पांढरं, प्लास्टिकचं, वजनाला हलकं. पण तिचंच. सांगलीत तिचा सीटी स्कॅन काढला होता. तो कॉम्प्युटरवरून इकडं आला आणि इथल्या मशीननं त्यावरून हाड छापलं. छापलं म्हणजे कागदावर नव्हे. थरावर थर देत, गाठी-खड्ड्यांसकट जसंच्या तसं. चाळीस वर्षं मी फौंड्रीत लाकडाचे पॅटर्न केले, पण असला माल कधी बघितला नव्हता. मला बसवेना. उठून खिडकीपाशी गेलो आणि उजेडात ते फिरवून फिरवून बघितलं.

"आप्पा, खाली ठेवा की. पडंल."

"तान्ही असताना तुला कवा पाडलं न्हाई, आता काय पाडतोय?"

आधी नीट सांगतो, म्हणजे घोळ व्हायला नको. माझं शिक्षण चौथी. घर माधवनगरला. पॅटर्न करणारा म्हणजे काय, तर लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो तो आधी लाकडात हुबेहूब करणारा. तो वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात आणि मागं राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. एवढंच मला येतं.

पोरगी आता चाळिशीला आली. महिन्याची असताना तिला ताप आला, उजव्या खुब्यात पू झाला, आणि आम्हाला कळेपर्यंत सांधा खाऊन गेला. तेव्हापासून तो पाय चार बोटं आखूड. लग्न जमलं नाही. घरी शिवणकाम करते आणि झकास करते, तिच्या हातचा ब्लाउज पाहिजे म्हणून इस्लामपुरातनं बायका येतात. पण दुखणं वाढत गेलं. मशीनवर अर्धा तास बसणं होईना, घरातल्या घरात भिंत धरून चालायची. दोन डॉक्टरांनी पूर्वीच हात वर केले होते. हिचं हाड बारीक, त्यात वाकडं, बाजारात मिळणारा तयार सांधा हिला बसायचा नाही.

माझी बायको रोज सकाळी तिच्या पायाला तेल चोळायची. बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिचे दिवस झाले आणि मी पोरीला घेऊन तिसऱ्या डॉक्टरकडं गेलो. पोरीची काळजी वगैरे नंतरचं, घरात बसवत नव्हतं हे खरं कारण. ते डॉक्टर म्हणाले, बाजारातला कशाला, हिच्या मापाचा करून घेऊ. एवढं वाक्य ऐकायला ती पाहिजे होती. थोडं थांबायला काय झालं होतं तिला?

तर असे आम्ही बापलेक साताऱ्यात आलो. आमचं मागणं एकच होतं. तिनं मशीनवर बसावं आणि भिंत न धरता चालावं.

डिझाईन करणारी एक बाईच निघाली, तिशीतली, कापलेल्या केसांची. तिनं कॉम्प्युटरवर हाड उभं केलं, आडवं केलं, कलिंगड कापावं तसं कापून आतलं दाखवलं. मांडीचं हाड आतनं पोकळ असतं. त्या पोकळीत टायटॅनियमची दांडी ठोकून बसवायची, तिच्या टोकाला गोळा, आणि कमरेच्या हाडात त्या गोळ्याला वाटी. इतरांची पोकळी अंगठ्याएवढी, माझ्या पोरीची करंगळीएवढी. म्हणून दांडी तिच्यापुरतीच करायची. जगात दुसऱ्या कुणाला ती बसायची नाही.

"म्हंजी रेडिमेड न्हाई, मापाचं," पोरगी म्हणाली.

"अगदी बरोबर, ताई."

"मग आत शिलाई दाबून ठेवा थोडी. पुढं उसवायला लागलं तर?"

ती बाई हसली. "यात दाबून ठेवायला जागाच नसते. सैल झाली तर हलते, घट्ट झाली तर हाड चिरतं. पहिल्यांदाच बसली पाहिजे."

मी विचारलं, "पाय सारखं हुनार का?"

"तीन बोटं खाली येईल, काका. चौथं नाही. एकदम जास्त ओढलं तर शीर ताणते आणि पाऊल लुळं पडू शकतं. डॉक्टरांनीच तेवढं ठरवलंय."

"चाळीस वर्सं वाट बघितली, आन् तुमी एक बोट राखून ठेवताय?"

"आप्पा, गप बसा."

पण ते बोट माझ्या डोक्यात राहिलं.

तिनं ते हाड आणि दांडीचा प्लास्टिकचा नमुना खोक्यात भरून दिला. सांगलीच्या डॉक्टरांनी दांडी हाडात घालून बघायची, सही करायची, मग टायटॅनियमची बनवायला घेणार. एसटीत खोकं मी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या माणसानं विचारलं, काय हाय त्यात? म्हटलं, पोरीचा पाय हाय. तो पुढच्या स्टॉपला उठून दुसरीकडं बसला.

घरी आल्यावर चहा घ्यायला पण धीर नव्हता. पलंगावर टॉवेल पसरला, माझी हत्याराची पेटी काढली आणि पट्टी घेतली. कागदावर दांडीची लांबी लिहिलेली, एकशेतीस मिलिमीटर. माझ्या पट्टीवर भरली एकशेअठ्ठावीस आणि वर थोडं. पुन्हा मोजली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. मिलिमीटरच्या वर कमी. पहिल्यांदाच बसली पाहिजे म्हणणारी बाई आणि मालच तोकडा! आधी एक बोट राखलं, आता हे.

सकाळी दवाखान्यात गेलो तर डॉक्टरांनी पेन उघडलेलं होतं. मी म्हणालो, "सही करू नका. दांडी कमी हाय."

डॉक्टर शांत माणूस. हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी साताऱ्याला फोन लावला, बोलले, मग मला म्हणाले, "शंका असताना मी सही करत नाही. त्या म्हणतायत, नमुना घेऊन या. आणि तुमची पट्टी पण आणा." पेन खिशाला लावलं. पुढच्या आठवड्यात साताऱ्याच्या मशीनवर आमचा नंबर होता, तो गेला. ऑपरेशनची तारीख गेली.

बाहेर आल्यावर पोरगी रिक्षात चढेना.

"तुमास्नी लय कळतंय न्हवं? आख्ख्या जगापेक्षा जास्त?"

"अगं, मोजलं मी. तीनदा."

"मला भ्या वाटतंय, आप्पा. रोज सकाळी उठून मी स्वतःला सांगते, आता मागं फिरायचं न्हाई. आज तुमीच मला मागं ओढलं. आता एकदा न्हाई म्हटलं तर मी परत हिकडं यायची न्हाई, सांगून ठेवते."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आईसारखीच आहे. एकदा नाही म्हटलं की संपलं. सारा रस्ता ती बोलली नाही आणि मी मनातल्या मनात एकच घोकत होतो, मोजमाप बरोबर आहे, माझं मोजमाप कधी चुकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात त्या बाईनं आधी आपल्या घड्याळासारखा काटा असलेल्या मापकानं दांडी मोजली. बरोबर एकशेतीस. मग म्हणाली, "काका, पट्टी द्या." माझी पट्टी टेबलावर ठेवली आणि तिला चिकटून स्वतःची स्टीलची पट्टी. शून्याला शून्य लावलं. तिचे तीनशे जिथं संपले, तिथून माझे तीनशे अजून तीन मिलिमीटर पुढं होते.

मला घाम फुटला. एसीत.

सांगतो काय झालं. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं. म्हणून लाकडाचा पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करायचा असतो. दरवेळी हिशेब करत बसायला नको, म्हणून आमची पट्टीच लांब असते. तिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशेएक. त्या पट्टीनं फक्त पॅटर्न मोजायचा, तयार माल कधीच मोजायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्वतः किती पोरांना शिकवलं, शिव्या देऊन शिकवलं. पट्टीवरचा आकसणीचा शिक्का कधीच झिजून गेला होता, पण शिक्का बघायची मला गरज काय होती? माझीच पट्टी. घरात दुसरी पट्टीच नाही, पोरीची टेप आहे ती इंचाची.

"माजं चुकलं," मी म्हणालो. "ही आकसणीची पट्टी हाय. मी तुमाला लबाड समजलो."

पोरगी एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. "फौंड्रीतली पट्टी? आवं, माझं कापड बेतायचं टेबल तुमी ह्याच पट्टीनं केलंय!"

"व्हय."

"म्हंजी ते पण मोठं?"

"असंल की. आकसायची वाट बघ."

ती बाई टेबलाला धरून हसायला लागली. पोरगी पण हसली, मग तिलाच राग आठवला आणि तोंड फिरवून बसली. पण मघाशी ती पार दाराकडं तोंड करून होती, आता निम्मी आमच्याकडं वळलेली. तेवढ्यावर माझा जीव भांड्यात पडला.

"काका, मोजलंत ते बरंच केलंत," ती बाई म्हणाली. "आम्हाला पण हे करावं लागतं. टायटॅनियमची पावडर लेसरनं वितळवून थर देतो. ते गार होताना ओढलं जातं, वाकतं. म्हणून कॉम्प्युटरमध्ये आधीच थोडं उलट्या बाजूला वाकवून ठेवतो."

"किती?"

"प्रत्येक जागी वेगळं."

"जाड जागी जास्त, पातळ जागी कमी?"

"तुम्हाला कसं माहीत?"

झालं. पुढचा तासभर आम्ही दोघं काय बोललो ते कुणाला कळणार नाही. ती सांगतेय, मी विचारतोय, मी लाकडाचं सांगतोय, ती लिहून घेतेय. म्हाताऱ्या माणसाचं कुणीतरी लिहून घेतंय! बायको गेल्यापासून एवढा मी कधीच बोललो नव्हतो.

तेवढ्यात मी दांडी उचलली आणि विचारलं, "ही वरची मान अशी उलटी का फिरवली? सरळ ठेवली असती तर करायला सोपी गेली असती."

"कारण ताईंचं हाड पिळलेलं आहे. हे बघा." तिनं ते पांढरं हाड माझ्यासमोर धरलं. "गुडघा समोर ठेवला तर वरचा भाग पार पुढं वळलेला दिसतो. टॉवेल पिळावा तसा. म्हणून त्यांचं पाऊल आत पडतं. त्यांनी कितीही ठरवलं तरी सरळ पडणार नाही. दांडीची मान फिरवून आम्ही तो पीळ काढतोय."

मी हाड हातात घेतलं. पहिल्या दिवशी एवढं फिरवून बघितलं होतं, पीळ काही दिसला नव्हता. आता दिसला.

शाळेत सोडायला जाताना मी तिच्या मागनं चालायचो. पाय सरळ टाक. सरळ टाक म्हणतो ना. रोज. एकदा भर रस्त्यात पाठीत धपाटा घातला होता, लोक बघत होते म्हणून. बायको म्हणायची, ती मुद्दाम करत न्हाई वं. मी म्हणायचो, सवय लावली की लागते.

हाड खाली ठेवलं. पोरीकडं बघायचं धाडस होईना.

"मला ठाऊक व्हतं, आप्पा," ती म्हणाली. "सरळ टाकायला गेले की आतनं कुणीतरी धरल्यागत व्हायचं. पण तुमास्नी सांगणार कोण?"

मग ती त्या बाईकडं वळून म्हणाली, "करा ताई. टायटॅनियमचं करायला घ्या. डॉक्टरांना मी सांगते सही करायला. ह्यांच्या हातात आता काय देऊ नका."

टायटॅनियमची दांडी मात्र मी बघितलीच, डबा बंद करायच्या आधी काचेतून. राखाडी, वरच्या अंगाला खरखरीत, पॉलिश पेपरसारखी. त्या खरखरीत भागात हाड वाढून रुतून बसतं म्हणे. खालचं टोक गुळगुळीत. कुठं सांधा नाही, कुठं डाग नाही. मी त्या बाईला म्हणालो, "माल एक नंबर." आयुष्यात मी हे वाक्य फार जणांना म्हटलेलं नाही.

ऑपरेशनला तीन तास लागले. मी बाकावर बसून होतो. शेजारी जागा मोकळी होती, कुणी बसायला आलं की मी पिशवी ठेवायचो. का ठेवत होतो कुणास ठाऊक. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले, "पहिल्याच वेळी बसली. जरा पण हलत नाही." मी त्यांचा हात धरला तो सोडायचंच विसरलो. शेवटी नर्स म्हणाली, बाबा, त्यांना तो हात कामाला लागतो.

दुसऱ्या दिवशी पोरीला वॉकर धरून उभं केलं. दुखत होतं, ओठ चावत होती. उभी राहिली आणि खाली बघितलं. दोन्ही पावलं समोर.

"आप्पा, आई असती तर काय म्हणाली असती?"

"रडली असती. आन् मग एवढ्या लवकर उठलीस म्हणून तुला आन् डॉक्टरला दोघांनाबी शिव्या दिल्या असत्या."

"तुमास्नी पण."

"मला आधी."

दीड महिन्यानं दाखवायला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघितला, तिची काठी काढून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. म्हणाले, दारापर्यंत चाला बघू. भिंत तिच्या हाताशीच होती. तिनं हात उचलला, भिंतीकडं नेला, आणि परत पोटाशी घेतला. चालली. एका बोटाचा फरक आहे, थोडी झुकते. मला दिसतो, इतरांना दिसायचा नाही. दारापर्यंत गेली, दार उघडलं आणि बाहेरच गेली.

"अहो, थांबा, परत या," डॉक्टर म्हणाले.

"आले," तिचा आवाज बाहेरनं आला. "एक चक्कर मारून येते."

तिचे पाय वाजत वाजत लांब गेले. दोन्ही सारखेच वाजत होते. मी डॉक्टरांना म्हणालो, जरा पाणी द्या.