नानांच्या खादीवरचा डाग

परवा आचोळे गावातल्या दुकानात कापराची पुडी फुटली आणि त्या वासानं मी थेट सोपाऱ्यातल्या आमच्या ओटीवर जाऊन उभी राहिले.

माझे नाना, आईचे वडील, खिलाफतीच्या दिवसांत ऐन तरुण होते. मशिदीबाहेरची भाषणं ऐकून त्यांनी अंगावरचं विलायती कापड जाळलं, चरखा घेतला आणि स्वतःचं कफनसुद्धा खादीचंच करून ठेवलं. "जित्तेपनी गोऱ्याचं कापड घातलं नाय, मेल्यावर कशाला?" म्हणायचे. दर स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ते पेटीतून काढून वाऱ्यावर टाकायचे आणि मग कापूर घालून पुन्हा घडी करायचे.

मी आठ वर्षांची होते. दोरीवरचं ते पांढरं कापड मी पंधरा ऑगस्टच्या सकाळी ओढणी म्हणून गुंडाळलं आणि प्रभातफेरीत गावभर मिरवून आले. भुरभुर पावसात कागदी झेंड्याचा केशरी रंग त्याच्या काठावर उतरला होता.

आई किंचाळलीच. "मयताचं कापड गं ते!"

नाना मात्र त्या डागावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. "धुवू नको," एवढंच म्हणाले.

तेव्हा वाटलं, मी मारातून वाचले. आज वाटतं, ते सूत कातताना आपल्या डोळ्यांदेखत स्वातंत्र्य येईल, असं त्यांच्या मनातही आलं नसेल. आणि मी तेच पांघरून झेंडा घेऊन घरी आले होते.

नाना गेले तेव्हा मामा तो डाग आत दुमडू लागले. आईनं त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "वरच ऱ्हाऊ दे."