इंदिरामामींच्या कोलूतला हत्ती

नवरात्राची दुसरी माळ, संध्याकाळ, चेन्नईतलं टी. नगर. हजर: मी, आमचे हे, मुलगी मुग्धा, तिने पसंत केलेला राघव, त्याची आई इंदिरामामी (घर त्यांचंच) आणि माझ्या मांडीवर चिंध्यांचा एक हत्ती. यांपैकी फक्त हत्तीने लाज आणली, असं हे म्हणतात. (हत्ती कोणी केला होता, तेही आवर्जून सांगतात.)

लग्न अजून ठरायचं होतं. मामी तंजावरकडच्या मराठी. आपल्या आजीच्या आजीची असावी तशी त्यांची मराठी. तेव्हा भाषेची काळजी नव्हती, काळजी छाप पाडण्याची होती.

"आई, कोलूसाठी एक बाहुली विकत घे ना," मुग्धा म्हणाली होती. "दुकानं भरलीत." (कोलू म्हणजे नवरात्रात घरी पायऱ्यांवर मांडतात तो बाहुल्यांचा देखावा.)

घरात शिंप्याकडचे कांजीवरमचे तुकडे पिशवीभर असताना मी विकत घेणारी नव्हे. तुकडे जोडले, आत जुन्या धोतराचं अस्तर घातलं, वरून गोधडीसारखा धावदोरा. हत्ती देखणा झाला, फक्त उभा राहीना. कापूस भरला की तोंडावर पडे. वजन हवं होतं. फडताळात सोलापूरहून आलेला बाजरीचा डबा होता, आणि चेन्नईच्या दमटपणात तो संपवायची मला घाई होती. दोन्ही कामं एकदम उरकली. मी स्वतःवर खूश!

मामींनी हत्ती कोलूच्या पायरीवर बसवला, वाण्याच्या बाहुलीशेजारी. (कोलूत सुटलेल्या पोटाचा एक वाणी असतोच. त्याच्या पुढ्यात दुकान म्हणून खरे तांदूळ आणि डाळी मांडतात.) "मुग्धाच्या आईनें हातानें शिवला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. मला आणखी काय हवं होतं?

चौथ्या माळेला मुग्धाचा फोन.

"आई, हत्तीत काय भरलंस?"

"का गं?"

"तू फक्त उत्तर दे."

"बाजरी."

"कधीची?"

हे मात्र मला आठवेना.

टी. नगर गाठलं. हत्तीच्या धावदोऱ्याच्या एकेका भोकातून धान्यातले पोरकिडे शिस्तीत बाहेर पडत होते. (टाके मी बारीक घातले होते, तरी.) एक डोळ्यातूनही आला. मामी सुंडलाची, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्याच्या प्रसादाची, वाटी घेऊन आल्या तशी मी हत्तीसमोर उभी राहिले.

"मामी, जरा घरी नेऊन आणते. एक टाका राहिलाय."

"अय्यो, असं नाहीं हो करायचं. एकदां बैसविलेलं विजयादशमीपर्यंत हलवूं नये."

मग काय, रोज वेलचेरीच्या आमच्या घरून येरझारा. पहिल्या दिवशी कडुनिंबाची डहाळी आणून हत्तीभोवती खोचली. "हत्तीला जंगल नको का?" मी म्हणाले. मामी बरं म्हणाल्या. कडुनिंबामुळे किड्यांनी हत्ती सोडला, आणि ते वाण्याच्या दुकानात गेले. तांदळात गेले, डाळीत गेले. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर पाहुण्या चष्मा सारखा करत दुकानावर वाकल्या.

"किती खरं वाटतं हो," त्या म्हणाल्या. "धान्य हलतंय जणू."

त्या आणखी वाकल्या. मला काही सुचेना, म्हणून मी गायला लागले. कोलूसमोर पाहुण्या बायका गातात, तशी रीतच आहे. पण मला गाता येत नाही. येत होत्या नव्हत्या त्या सगळ्या आरत्या मी ओळीने म्हटल्या, संपल्यावर पहिलीपासून पुन्हा. पाहुण्या सरळ झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. राघव मोबाइलकडे बघत होता, मुग्धा जमिनीकडे. माझे कान इतके तापले होते की त्यांवर पापड भाजता आला असता. हे असं चार संध्याकाळी चाललं.

"मुलगी त्यांना आवडेल," परतताना रिक्षात हे म्हणाले. "तुझं काही सांगता येत नाही."

रात्रभर तेच डोक्यात. माझ्या काटकसरीपायी पोरीचं लग्न मोडलं तर मी तिला काय तोंड दाखवणार?

विजयादशमीच्या रात्री कोलूतली एक बाहुली आडवी निजवतात. मामींनी आमचा हत्ती उचलला, त्याच्याखाली आधी वर्तमानपत्र घातलं आणि मग त्याला निजवलं. त्या वर्तमानपत्राकडे बघून मी समजले.

"मामी, तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवसालाच."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही इतकं मनापासून गात होतां. अडवूं कशी?" त्यांनी माझ्या हातात विडा ठेवला. "आमच्यांत एकदां बैसविलेलं मध्येंच उठवत नाहींत. हत्ती असो, विहीण असो."

मुग्धाने पहिल्यांदा मान वर केली. मला मात्र अजून करता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामींनी हत्ती उसवून, रिकामा करून, धुऊन पाठवला. पुढच्या कोलूला तोच हवा आहे, असा निरोप होता. तेव्हापासून त्याचं कातडं आमच्या बाल्कनीत दोरीवर लोंबतंय. फ्रिजवरच्या माझ्या कामांच्या यादीत 'हत्ती भरणे' सगळ्यात वर आहे, आणि त्याच्यापुढे मुग्धाच्या अक्षरात लिहिलंय: आईने एकटीने करू नये.