काम : सुम्मने

तुम्हाला कधी कुणी चारचौघांत तुमच्याच आईचा फॉर्म भरायला लावलाय?

मला लावला. म्हैसुरात, गोकुलममधल्या एका बंगल्यात.

मॅडम समाजशास्त्रज्ञ, पुण्याहून आलेल्या. संशोधन स्थलांतरावर आणि आर्थिक विषमतेवर. मी वस्त्यांत फिरून त्यांचे फॉर्म भरायची. आई त्यांच्याकडे भांडी घासायची. तिनंच शब्द टाकला, म्हणून मला हे काम मिळालं. त्या सकाळी तीन पाहुणे प्राध्यापक आले होते. मुलाखत कशी घेतात ते त्यांना बघायचं होतं.

"त्यासाठी वस्तीत कशाला जायचं? आपल्या मावशी आहेत की," मॅडम म्हणाल्या.

आई मोरीवरून उठून आली. दारात उकिडवी बसली. पाहुणे सोफ्यावर. मी मधल्या स्टुलावर.

पहिला रकाना नावाचा. मॅडमनी मला विचारलं, "मावशींचं नाव काय गं?"

आई त्यांच्याकडे अकरा वर्षं होती.

मी नाव लिहिलं. मग आईला विचारलं, "तुम्ही गाव का सोडलं?" जन्मात पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हणाले. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"लगीन झालं. ह्यांच्या मागं आले."

"काम काय करता?"

"काम कुठलं. सुम्मने भांडी घासते."

सुम्मने. कन्नड शब्द. म्हणजे उगाच, असंच. मूळ उदगीरच्या माझ्या आईच्या बोलण्यात तो कधी शिरला, तिलाही ठाऊक नाही.

पाहुणे हसले. एक म्हणाला, "वा, हे तर निबंधाचं शीर्षक."

"कारण, लग्न. काम, नाही. लिही," मॅडम म्हणाल्या. "त्या स्वतःच म्हणतायत."

आईच्या कोपरावरून फेस ओघळत होता. पाहुण्यांच्याच कपांचा.

किती बायका मला म्हणाल्या होत्या, 'काही नाही, घरीच असते.' हाताला राख लागलेली असायची. मी 'काम नाही'वर खूण करायची आणि पुढच्या दारी जायची.

त्या दिवशी पेन उचललं आणि लिहिलं. काम : भांडी, फरशी, अकरा वर्षं. कुणाकडे : मॅडमचं पूर्ण नाव. मोठ्यानं वाचून दाखवलं.

"संशोधकानं स्वतःला मध्ये आणायचं नसतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"मी कुठं आणलं? तुम्ही आधीपासून मध्येच आहात."

फॉर्म बाद. मी बाद. दुसऱ्या दिवशी मॅडम आईलाही कामाला नको म्हणाल्या.

माझ्याबरोबर फॉर्म भरणारी मुलं आता माझा फोन उचलत नाहीत. आई एकदाच म्हणाली, "खरं लिहिलीस. पर मला इचारून लिहायचं होतंस."

मीही तिला विचारलं नव्हतंच.

आता त्याच वस्त्यांत एकटी जाते. कोरी वही घेऊन. आधी नाव विचारते, मग परवानगी. 'काम नाही' हे शब्द माझ्या हातून पुन्हा लिहिले जाणार नाहीत.

तुम्ही एवढं करा. तुमच्या घरी जी राबते, तिला विचारून एका कागदावर तिचं पूर्ण नाव लिहा. काम लिहा, वर्षं लिहा. खाली 'कुणाकडे' म्हणून सही करा. आणि तो कागद तिच्या हातात द्या.