बत्तीस दारांची कुरकुर

सुतारकाका हातचं राखून काम करतात, असं त्या इमारतीत सगळे म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. कपाट करावं तर काकांनीच, खण कसा लोण्यासारखा सरकायचा. पण दारं? तीन मजल्यांवरची बत्तीस दारं काकांनी बसवलेली, आणि एकूण एक कुरकुरणारी. समोरच्या खोलीतल्या इस्त्रीवाल्याने तर एकदा सुनावलंच, "काका, तेलाची बाटली भेट देऊ का?" काकांनी मान खाली घातली आणि रंधा मारत राहिले.

खरी गोष्ट वेगळीच होती. दार बसवून झालं की काका बिजागरीची खीळ हातोडीने जराशी वाकडी करायचे, प्रत्येक दाराची वेगळी. लग्नानंतर चौथ्या वर्षी काकूंची दृष्टी गेली होती. दुपारी त्या जिन्याजवळच्या आपल्या खोलीत आडव्या व्हायच्या, आणि अख्खी इमारत त्यांच्या कानात एकेक दार उघडत यायची. लांबलचक, जांभई दिल्यासारखी कुरकुर म्हणजे नर्सबाई ड्यूटीवरून परतल्या. दोन तुटक किरकिरी म्हणजे मास्तरीणबाईंची लेक बाहेर पडली. अर्धवट झोपेत भिंती विरघळून जायच्या, सगळी घरं उशाशी येऊन बसायची, आणि काकूंना एकटं म्हणून वाटायचं नाही.

हे काकांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. बाई महामानी. जिन्यात कोणी हात धरला तरी फणकारायची. आपल्यापायी नवऱ्याने नावाला बट्टा लावून घेतला हे कळलं तर अन्न टाकेल, अशी काकांना धास्ती.

आणि आता इमारत पाडायची ठरली. तिच्या जागी चौदा मजले, लिफ्ट आणि मुळीच आवाज न करणारी दारं. काकूंच्या आजूबाजूला सगळी माणसं असणार आणि त्यातलं एकही ऐकू येणार नाही, या विचाराने काकांची झोप उडाली. जुन्या बिजागऱ्या नव्या दारांना लावा, एवढंच सगळ्यांना सांगायचं होतं. पण कारण काय सांगणार?

पाडकामाआधीच्या रविवारी अंगणात निरोपाचा मेळावा भरला. कोणी जुने फोटो आणले, कोणी पहिल्या दिवसाची किल्ली. बिजागऱ्यांचा विषय निघावा म्हणून काकांनी रिकाम्या घरांची दहा दारं चौकटीसकट उभी केली.

इस्त्रीवाल्याने एक दार ढकललं. ते रडलं. "हा बघा आमच्या सुताराचा वारसा," तो म्हणाला आणि अंगण हसलं.

"नर्सबाईंचं," खुर्चीतून काकू म्हणाल्या.

त्याने दुसरं ढकललं.

"हे तुमचं. तुम्ही एकदा तेल घातलंत आणि ते गप्प झालं. दुसऱ्या दिवशी हे हातोडी घेऊन तुमच्याकडे आले, आणि दार पुन्हा जसंच्या तसं बोलायला लागलं. तेव्हाच मला सगळं कळलं." काकू उठून उभ्या राहिल्या. "ह्यांना काम चांगलं येतं. मला दिसत नाही, म्हणून ह्यांनी तुमची दारं अशी ठेवली. याच बिजागऱ्या नव्या घरांना लावून घ्याल का?"

इस्त्रीवाल्याने स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि आपल्या दारापाशी उकिडवा बसला. खाली घातलेली मान त्याने बराच वेळ वर केली नाही.

काकांचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं माहीत होतं? मग राग नाही आला माझा?"

"तुमचा कशाला येईल? स्वतःचा यायचा," काकू हळूच म्हणाल्या. "लोक तुमची चेष्टा करायचे ना, तेही ऐकू यायचं मला. मी एक शब्द बोलले असते तर चेष्टा थांबली असती. पण मग लोकांनी दारं नीट करून मागितली असती, आणि तीही गप्प झाली असती हो."